मनी प्लँट लोंबवू नका, चढवा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या हवेत या वेलाची निगा

खानापूर तालुक्यातल्या भरपूर पावसाच्या गावात, परसातल्या नारळावर किंवा आंब्यावर चढलेला मनी प्लँट एकदा नीट बघा. खालची पानं तळहाताएवढी. वर दहा-पंधरा फुटांवर गेल्यावर तीच पानं हातभर लांब, कडेनं चिरत गेलेली. आता तोच वेल बेळगावातल्या फ्लॅटमध्ये बघा: काचेच्या बाटलीतून निघून खिडकीच्या ग्रिलवरून खाली सोडलेला. दोन पानांमधलं अंतर वीतभर, पान तीन बोटांचं, टोकाकडं जाईल तसं आणखी बारीक. जात एकच, एपिप्रेम्नम ऑरियम. कितीही खत घाला, हा फरक भरून निघत नाही. हा चढणारा वेल आहे आणि घरात त्याला चढायला काही मिळत नाही, एवढंच त्याचं दुखणं आहे.

मूळचा हा वेल पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या मोरेआ बेटावरचा. १८८० मध्ये त्याची नोंद 'पॉथोस' म्हणून झाली. शास्त्रीय नाव पुढं बदललं, तरी नर्सरीवाले अजून पॉथोसच म्हणतात. रानात तो जमिनीवरून सरपटत एखाद्या बुंध्याशी येतो, पेरापेरातून मुळं काढून सालीला धरतो आणि वर निघतो. पकड बसली आणि वर उजेड वाढत गेला की प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा थोडं मोठं येतं. पकड सुटून वेल खाली लोंबला की पानं लहान होतात, पेरं लांबतात, शेंडा दुसरा बुंधा शोधत राहतो. ग्रिलवरच्या वेलाचं नेमकं हेच चाललेलं असतं.

आणायच्या आधी एक खात्री करा. नर्सरीत याच्याशेजारी हृदयाच्या आकाराच्या पानाचा फिलोडेंड्रॉन ठेवलेला असतो आणि दोन्ही मनी प्लँट म्हणूनच विकले जातात. देठ बोटांत धरून फिरवा. मनी प्लँटच्या देठाला वरच्या बाजूनं पन्हळ असते, फिलोडेंड्रॉनचा देठ गोल लागतो. नवं पान येतानाही फरक दिसतो. फिलोडेंड्रॉनचं पान एका पातळ आवरणातून निघतं आणि ते आवरण नंतर वाळून गळतं. मनी प्लँटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातूनच गुंडाळी करून बाहेर येतं. निगा दोघांची जवळपास सारखी, पण मनी प्लँट जास्त उजेड मागतो आणि जास्त मोठा होतो.

उजेड

पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, तिच्यापासून तीन-चार फुटांच्या आत. बेळगावातल्या जुन्या घरांत सोप्याला उजेड चांगला असतो आणि माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. माजघरात हा वेल मरणार नाही, पण वाढणारही नाही, आणि पानावरचे पिवळे पट्टे हळूहळू हिरव्यात विरून जातील. पट्ट्यांच्या भागात हरितद्रव्य फार कमी असतं. उजेड कमी पडला की वेलाला तो भाग परवडत नाही.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्यावर फूटभर अंतरावर हात धरा. सावलीची कड चाकूनं कापल्यासारखी आली तर ऊन जास्त आहे. बोटं वेगळी कळतात पण कड पुसट आहे, तर जागा बरोबर. सावलीच पडत नसेल तर तिथं वीस वॉटची पांढरी एलईडी पट्टी शेंड्यापासून फूटभर वर लावून रोज दहा-बारा तास चालू ठेवा.

पश्चिमेची खिडकी मार्च ते मे टाळा. चार वाजताच्या उन्हानं पानावर फिके, कागदासारखे डाग पडतात आणि ते परत भरत नाहीत. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तीच खिडकी सर्वांत चांगली. आपल्याकडं मृग लागल्यापासून पुढं आठवडे आठवडे सूर्य दिसत नाही, आणि उन्हाळ्यात खोलीच्या मध्यावर पुरेसा असलेला उजेड पावसाळ्यात निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून मृगात कुंडी खिडकीला चिकटून सरकवा आणि हस्त संपला की परत आत घ्या. एवढी एक सरकवासरकवी केली तरी पावसाळ्यातला निम्मा त्रास वाचतो.

कुंडी आणि माती

आपल्या भागात मातीचे दोन प्रकार सहज मिळतात आणि दोन्ही एकट्यानं निरुपयोगी. बेळगाव-खानापूरची तांबडी माती कुंडीत दोन-तीन महिन्यांत दाबून बसते, पाणी कडेनं निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. चिकोडी, अथणीकडची काळी माती पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात. या वेलाची मुळं झाडाच्या सालीत वाढणारी आहेत, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते.

दहा इंची कुंडीला साधारण साडेआठ लिटर मिश्रण लागतं. एक लिटरचं भांडं माप म्हणून घ्या: चाळलेली तांबडी माती २, धुतलेलं कोकोपीट २, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे २, अर्धवट जाळलेला भाताचा तूस १, गांडूळखत १, लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे खडे अर्धं माप. वर मूठभर निंबोळी पेंड. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला तर जमलं. गोळा तसाच राहिला तर तूस आणि सोडण वाढवा.

यातल्या तीन गोष्टींकडं लक्ष द्या. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुलवली की आठ-नऊ लिटर होते. ती कापडात घालून दोनदा पिळून काढा. सोडणाचे ताजे तुकडे तीन दिवस भिजत ठेवा आणि रोज पाणी बदला. तांबूस पाणी यायचं थांबलं की वापरा. आणि उसाचं चिपाड किंवा साखर कारखान्याची ताजी मळी (प्रेसमड) कुंडीत घालू नका. आपल्याकडं दोन्ही फुकटात मिळतात म्हणून हा मोह होतो. चिपाड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, वेल पिवळा पडतो आणि त्यावर बारीक काळी चिलटं बसतात. न कुजलेली मळी तर तापते. वर्षभर कुजलेली, वास गेलेली मळी मात्र गांडूळखताच्या जागी चालते.

खानापूरच्या कुंभारकामाचं नाव आहे, आणि पश्चिमेकडच्या पावसाळी पट्ट्यात मातीच्या कुंडीसारखी दुसरी कुंडी नाही. बाजूनं पाणी शोषून बाहेर टाकते, त्यामुळं जुलैमध्ये मुळं वाचतात. तळाला एकच भोक असेल तर बारीक ड्रिलनं आणखी दोन पाडून घ्या. अथणी, रायबागच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात हीच कुंडी रोज पाणी मागते. तिथं प्लास्टिकची कुंडी जास्त सोयीची. कुंडीच्या तळाला खडी-विटांचा जाड थर द्यायची पद्धत आहे, त्यानं निचरा वाढत नाही. उलट ओला थर वर सरकून मुळांजवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

चढायला खांब

बाजारात काथ्याची दोरी गुंडाळलेले खांब मिळतात. जून ते सप्टेंबर बेळगावच्या दमट हवेत त्यावर मुळं धरतात. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की दोरी वाळते, मुळांची टोकं तपकिरी होतात आणि वेल नुसता बांधलेला उरतो. वेलाला आधार हवा तसा ओलावाही हवा. पेरातून दोन प्रकारची मुळं निघतात. आखूड मुळं फक्त पकडतात. लांब मुळं पाणी आणि अन्न घेतात, आणि ती खांबात शिरली की पानाचा आकार वाढायला मदत होते.

घरी असा खांब करा. एक इंची पीव्हीसी पाइपचा ९० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. खालच्या टोकापासून तीन आणि दहा सेंटिमीटरवर आरपार भोकं पाडून त्यात पंधरा सेंटिमीटरच्या बांबूच्या दोन काड्या एकमेकींना आडव्या घाला. या काड्यांमुळं खांब कुंडीत फिरत नाही. बारा मिलिमीटर भोकांची प्लास्टिक जाळी ७५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद कापा. शेडनेटची बारीक जाळी नको, त्यातून मुळं आत जात नाहीत. जाळी पाइपभोवती नळीसारखी वळवून तीन सेंटिमीटर कड एकावर एक आणा आणि दर दहा सेंटिमीटरवर केबल टाय आवळा. पाइपचा खालचा १५ सेंटिमीटर भाग उघडा राहील, तो मातीत जाणार.

आता भरणं. जाळीला आतून लागून सोडणाच्या सुट्या तंतूंचा अर्धा इंच थर आणि मध्ये ओलं कोकोपीट. एकूण साधारण चार लिटर माल जातो, त्यात अडीच लिटर कोकोपीट. वीतभर भरा, काठीनं दाबा, मग पुढची वीत. सैल भरलं तर महिनाभरात माल खाली बसतो आणि वरचा भाग पोकळ होतो, म्हणजे नेमका जिथं शेंडा येणार तिथंच ओल नाही. भिजल्यावर खांब तीन-चार किलोंचा होतो. दहा इंचांहून लहान कुंडी उलटते.

खांब कुंडीत मधोमध उभा करून भोवती चार-पाच रोपं लावा. मग वेलाची मागची बाजू ओळखा. पानं एका अंगाला वळलेली असतात आणि पेरावरचे तपकिरी मुळांचे टोचे दुसऱ्या अंगाला. टोच्यांची बाजू खांबाला टेकली पाहिजे. पानमळ्यात वेल शेवरीला बांधतात तसा पेरापाशी, सैल, सुती चिंधीनं किंवा केळीच्या सोपटानं बांधा. देठाला गाठ मारू नका, पानाला उजेडाकडं वळायला देठ मोकळा लागतो. दर दोन पेरांवर एक गाठ. महिना-दीड महिन्यात मुळं आत गेली की गाठी सोडून टाका.

हे सगळं करायला मृगाचा पहिला आठवडा सर्वांत चांगला. हवेत ओल आलेली असते, थंडी लांब असते आणि वेलाला पकड बसवायला चार महिने मिळतात. डिसेंबरात बदललेली कुंडी फेब्रुवारीपर्यंत जशीच्या तशी बसून राहते.

जाळीची खटपट नको असेल तर रंधा न मारलेली, पॉलिश नसलेली सागाची किंवा फणसाची चार इंच रुंद फळी चालते. खरखरीत बाजूला मुळं चिकटतात. फळी रोज ओली करावी लागते.

पाणी

खांबाला वरून पाणी, कुंडीला वेगळं. खांबावर एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, अगदी सावकाश. अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं एक भोक आणि हवा जायला तळाला एक भोक पाडा. बाटली खांबाच्या डोक्यावर उलटी बसवली की दोन-तीन तासांत पाणी झिरपून जातं. खांब एकदा खडखडीत वाळला की कोकोपीट पाणी घेत नाही, सगळं जाळीवरून बाहेर ओघळतं. अशा वेळी दहा-दहा मिनिटांनी कपभर कपभर पाणी द्या, चौथ्या-पाचव्या कपाला ते आत शिरायला लागेल.

कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला, म्हणजे पाच सेंटिमीटर. कोरडं लागलं तरच पाणी, आणि मग पुरतं: दहा इंची कुंडीला लिटर-सव्वा लिटर, भोकातून वाहीपर्यंत. अर्ध्या तासानं थाळीतलं पाणी ओतून टाका. बेळगावात एप्रिल-मेमध्ये हा फेर तीन-चार दिवसांनी येतो, थंडीत आठ-दहा दिवसांनी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बारा-पंधरा दिवसांनी. कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात तीन आठवडेही जातात. खांबातून झिरपलेलं पाणी शेवटी कुंडीतच येतं हे धरून चाला. पावसाळ्यात खांबाला दिलेलं पाणीच बहुतेक वेळा कुंडीलाही पुरतं.

आपल्याकडं हा वेल उन्हाळ्यात क्वचित मरतो. मरतो तो श्रावणात. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, उजेड नाही, वेल पाणी पीत नाही, आणि सवयीनं एक दिवसाआड तांब्याभर पाणी चालूच. मुळांना हवा मिळत नाही आणि मुळकूज करणाऱ्या बुरशीला हवं ते सगळं मिळतं. लक्षणं ओळखायला शिका. खालचं एखादं पान पिवळं झालं तर ते म्हातारं झालं, काळजी नाही. एकदम तीन-चार पानं पिवळी, पानावर मऊ तपकिरी-काळे डाग आणि डागाभोवती पिवळी कड, माती ओली, तर मुळं कुजताहेत. वेल मलूल पडला की आधी माती बघा. माती कोरडी असेल तर तहान आहे, दोन तासांत ताठ होईल. माती ओली असून वेल मलूल असेल तर अजून पाणी घालणं म्हणजे त्याला मारणं.

कूज लागली तर त्याच दिवशी वेल बाहेर काढा. मुळं नळाखाली धुवा. पांढरी, कडक मुळं ठेवा. तपकिरी, बोटांत धरली की साल सुटून आत दोरा उरणारी मुळं कापा. कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटनं पुसा. खोड काळं पडलं असेल तर आत स्वच्छ हिरवा गर दिसेपर्यंत वर वर कापत जा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर रोप वाचवायच्या नादी न लागता वरच्या वेलाच्या टिपऱ्या करून नव्यानं लावणं शहाणपणाचं. जुनी माती फेका, कुंडी धुऊन उन्हात वाळवा. नव्या मिश्रणाला ट्रायकोडर्मा (मुळकुजीला रोखणारी मित्रबुरशी) द्या, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम. आल्याचे शेतकरी वापरतात तेच. ते आधी द्यायचं औषध आहे, कुजलेल्या मुळाला ते जिवंत करत नाही.

पावसाळ्यात सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसले तर घाबरू नका. हवा दमट असली की वेल जादा पाणी असं बाहेर टाकतो. थेंब बोटावर घ्या. पाण्यासारखा असेल तर ठीक, चिकट लागला तर पानामागं किडे शोधा.

पाणी कुठलं, याचाही फरक पडतो. बेळगावचं राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी या वेलाला उत्तम. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी त्रास देतं: कुंडीच्या कडेला पांढरी खपली, पानांची टोकं तपकिरी, नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी धरा. दर दोन महिन्यांनी कुंडीच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण ते कुंडीला घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा.

खत

शेतीच्या दुकानात मिळणारं १९:१९:१९ विद्राव्य खत एक ग्रॅम एका लिटरात, पंधरा दिवसांतून एकदा, मार्च ते ऑक्टोबर. शेतात फवारायचं प्रमाण इथं वापरू नका, पानांच्या कडा जळतात. कोरड्या मातीत खत देऊ नका, आधी साधं पाणी. तेच पातळ खत महिन्यातून एकदा खांबावरून द्या, कारण वरची मुळं तिथंच जेवतात. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा राहिला तर चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम लिटरला. जुन्या पानात तसं दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेट दोन ग्रॅम लिटरला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत बंद.

धूळ, काजळी, किडे

ऑक्टोबरपासून कारखाने सुरू झाले की निपाणी, चिकोडीकडं पाचट पेटवल्याची काजळी घरात येते, बेळगावात तांबडी धूळ. पंधरा दिवसांतून एकदा एका हातानं पान खालून धरून ओल्या सुती फडक्यानं वरून आणि खालून पुसा. खोबरेल, दूध काही लावू नका. तेलानं पानाची छिद्रं बुजतात आणि धूळ दुप्पट बसते.

जानेवारी ते मार्च कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यात लाल कोळी येतो. पान वरून राखाडी, बारीक ठिपक्यांचं दिसतं आणि मागं जाळीसारखे धागे. वेल न्हाणीघरात नेऊन पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेनं धुवा, चार दिवसांनी परत. पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात कापसासारखे दिसतात. स्पिरिटात बुडवलेल्या कापसानं एकेक टिपून काढा. जास्त असतील तर कडुनिंबाचं तेल पाच मिलिलिटर, पातळ साबण एक मिलिलिटर, कोमट पाणी एक लिटर, संध्याकाळी फवारा, सात दिवसांच्या अंतरानं तीनदा. एक-दोनदा मारून थांबलात तर अंड्यांतून नवी पिढी निघते. चिलटं झाली तर पाणी कमी करा आणि मातीवर बोटभर कोरडी वाळू पसरा.

निपाणी भागात तंबाखूचा भुकटा सहज मिळतो म्हणून त्याचं पाणी फवारायचा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. घरात ते मुळीच करू नका. निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं.

टिपऱ्या आणि बाटली

हा वेल सहसा फुलत नाही. फुलासाठी लागणारं जिबरेलिन संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयार होत नाही, हे संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. म्हणजे घरोघरीचा मनी प्लँट हा कुणाच्या तरी वेलाचा तुकडाच आहे. तो चोरूनच आणावा लागतो, अशी समजूत आहे. मागून आणा, म्हणजे नीट निवडून आणता येईल: जाड खोड, जवळजवळ पेरं, रुंद पट्टे.

ऊस लावणाऱ्याला हे शिकवायला नको. एक डोळा टिपरी, डोळ्याच्या वर आणि खाली दीड-दीड सेंटिमीटर, एक पान ठेवून. पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात, थंडीत महिना लागतो. मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की लगेच मातीत घाला. वर्षभर बाटलीत राहिलेली मुळं पाण्यालाच सरावलेली असतात, मातीत गेली की बरीचशी मरतात.

बाटलीतच ठेवायचा असेल तर आठवड्यातून एकदा पाणी बदला, आणि बाटली आतून ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या पातळीवर काचेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून परत भरल्यानं अंडी जात नाहीत. तोंडाला कापूस किंवा मलमल लावली तर आणखी चांगलं.

अळू आणि सुरणाच्या कुळातला हा वेल. याच्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि हा कितीही शिजवला तरी खायचा नाही. चघळला तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते. रांगतं मूल, कुत्रं, मांजर यांच्या तोंडाला पान येणार नाही असा ठेवा. छाटलेले तुकडे गोठ्याकडं टाकू नका. ओढ्यातही नको. खानापूरच्या दमट रानात, भीमगडच्या बाजूला, एका पेरावरून हा वेल रुजतो आणि मग मूळच्या झाडोऱ्यावर पसरतो. तुकडे उन्हात खडखडीत वाळवून मग खतात घाला.

हवा शुद्ध करण्यासाठी म्हणून आणत असाल तर एवढंच सांगतो की १९८९ चे नासाचे ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. खोलीची हवा खिडकी उघडून जेवढी बदलते तेवढी दहा कुंड्यांनी बदलत नाही.

शेंडा खांबाच्या वर गेल्यावर

चांगल्या उजेडात वर्ष-दीड वर्षात वेल ७५ सेंटिमीटरच्या डोक्याशी येतो. इथं त्याला खाली वळवलात की पुढची पानं पुन्हा लहान व्हायला लागतील. दोन वाटा आहेत. पाइपच्या तोंडात बारीक पाइप बसवून वर आणखी ४५ सेंटिमीटर जाळी जोडा, पण मग कुंडी बारा इंची करा. किंवा मृगात वरचा तीन-चार पेरांचा शेंडा, खांबात शिरलेल्या मुळांसकट, जाळी कापून सोडवा आणि नव्या खांबाच्या पायाशी लावा. त्याला मुळं आधीच असल्यानं पुढची पानं फारशी लहान होत नाहीत. जुन्या खोडाच्या सर्वांत वरच्या डोळ्यातून तीन-चार आठवड्यांत नवा कोंब फुटतो, तो लगेच खांबाला टेकवून बांधा. कापल्यावर आठवडाभर कुंडीचं पाणी निम्मं करा, पानं कमी झाल्यामुळं वेल पूर्वीइतकं पाणी ओढत नाही. खांब मात्र ओला ठेवा.